एफ-4 न्यूटोनियन आणि कोपऱ्यातले शेपटीवाले तारे

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे 8 इंची एफ-4 न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेंथ 800 एमएम (आरशाच्या रुंदीच्या चौपट, म्हणून एफ-4), त्याला जुना कॅननचा डीएसएलआर लावतो. मळ्यातून मृगातल्या नेब्युलाचे (तेजोमेघाचे) फोटो काढले तर मधले तारे एकदम गोल, पण कोपऱ्यात सगळ्यांना शेपट्या, त्यातही उजवीकडे जास्तच. आरसा खराब निघाला का? विकून एफ-5 घेऊ का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : विकू नका भाऊ, आरसा चांगलाच असणार, नाहीतर मधले तारे गोल आलेच नसते. पॅराबोलिक आरसा फक्त मधोमधच्या ताऱ्याला नीट टिंबात आणतो, बाजूला सरकलं की कोमा (ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी) सुरू, आणि एफ-4ला कोमाचा त्रास नसलेला भाग मोजून दीडेक एमएमचा असतो, तुमचा सेन्सर 22 एमएम रुंद! एफ-5ला तो भाग पावणेतीन एमएम होतो, म्हणजे तिथेही शेपट्या येणारच, वर एक्सपोजर दीडपट द्यावं लागेल ते वेगळंच. त्यामुळे पैसे कोमा करेक्टरवर (कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या, कोमा घालवणाऱ्या भिंगांवर) घाला. बहुतेक करेक्टरना सेन्सरपासून 55 एमएम अंतर लागतं, आणि तुमच्या कॅननला टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) लावली की ते आपोआप जुळतं (बॉडीचे 44, रिंगचे 11). पुढे मिररलेस कॅमेरा घेतला तर मात्र त्याची बॉडी पातळ असते, म्हणून मधे स्पेसर (अंतर भरणारी कडी) टाकावा लागेल, हे लक्षात ठेवा.

आता उजवीकडचं. चारही कोपऱ्यात सारख्या शेपट्या असत्या तर मी फक्त कोमा म्हटलं असतं, पण एकाच बाजूला जास्त म्हणजे कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) हललंय नाहीतर कॅमेरा तिरका बसतोय, आणि हे करेक्टर लावूनही जाणार नाही, म्हणून आधी हेच बघा. कोलिमेशनसाठी लेझर वापरत असाल तर तो फोकसरमध्ये (कॅमेरा बसतो त्या नळीत) गोल फिरवून बघा, प्रायमरीवरचा (तळाच्या मोठ्या आरशावरचा) ठिपका जागेवर न राहता गोल काढत असेल तर तो लेझरच वाकडा आहे, त्याच्या भरवशावर स्क्रू पिळू नका. दुसरं म्हणजे ट्यूब आडवी ठेवून कोलिमेशन करायचं आणि फोटो 60 अंशावर काढायचा हे एफ-4ला चालत नाही, कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर थोडा झुकतोच, म्हणून मृग जिथे असेल तिकडे ट्यूब वळवून तपासा. आणि फोकसरमधून डोकावल्यावर सेकंडरीची (तोंडाजवळच्या छोट्या आरशाची) काळी सावली प्रायमरीच्या बाजूला थोडी सरकलेली दिसते ना, ती तशीच हवी! एफ-4सारख्या फास्ट न्यूटोनियनमध्ये ते बरोबर असतं, पण बरेच जण ती मधोमध आणायला जातात आणि चांगलं बसलेलं कोलिमेशन घालवतात, मला याचं फार वाईट वाटतं.

काळ्या मातीत ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, रब्बीचं पाणी दिलेलं असलं तर नक्कीच.

प्रश्न : माझ्याकडेही तसाच 800 एमएमचा एफ-4 न्यूटोनियन आहे. संध्याकाळी फोकस पक्का करतो तरी मध्यरात्रीपर्यंत तारे फुगलेले येतात. असं का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : ट्यूब अ‍ॅल्युमिनियमची आहे ना? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, तापमान 10 अंश उतरलं की 800 एमएमची ट्यूब जवळपास 0.18 एमएम आखडते. एफ-4ला फोकसची मुभा असते 0.04 एमएमच्या आसपास, म्हणजे तुम्ही काहीही न हलवता फोकस कधीच निघून गेलेला असतो. बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) लावून तासाभराने, आणि सूर्य मावळल्यानंतरचे पहिले दोन तास तर अर्ध्या तासाने तपासा. ट्यूबही घरातून थेट फोटोला लावू नका, दिवस मावळायच्या सुमारास अंगणात काढून ठेवा.

तरीही तारे फुगलेले आणि सोबत फोटोही फिका वाटला तर सेकंडरीवर टॉर्च मारून बघा, केळीच्या बागांजवळ पहाटे दव जबरदस्त पडतं. प्रायमरी ट्यूबच्या तळाशी असल्याने वाचते पण सेकंडरी तोंडाशी असते, तिच्या मागे छोटा ड्यू हीटर लावा, कापडाने मात्र अजिबात पुसू नका, आरशाच्या कोटिंगला ओरखडे पडतात.