आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता, मग मलाही होणार का?

मे महिन्यातली दुपार. मेडिकल चौकाकडून स्कूटीवर आलेल्या ताईंनी तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, पण खुर्चीवर टेकल्या नाहीत. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून दोन फायली काढून त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. एक आईची, एक मोठ्या बहिणीची.

"मॅडम, तिसरी माझी लागणार आहे काय? खरं सांगा."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ३८. आई ९ वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. आता बहिणीच्या तपासणीत एचपीव्ही १६ हा विषाणू सापडला, सोबत सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाच्या आधीची अवस्था. जाऊबाईंचं म्हणणं, गर्भाशयाची पिशवीच काढून टाक, कटकट नको. ओळखीच्या कुणी जेनेटिक टेस्टचं महागडं पॅकेज सुचवलेलं. "आमच्या रक्तातच आहे हे. झोप लागून नाही राहिली. पोरगी १३ वर्षांची आहे माझी."

हा रोग रक्तातून येत नाही, हे मी आधी सांगितलं. गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतात, आणि त्यातले ७० टक्के १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे. हे नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउजेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ साली नोबेल मिळालं. मात्र "आनुवंशिकतेचा काहीएक संबंध नाही" असं मी कधीच म्हणत नाही. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्धं सांगून धीर दिला की तो घरी पोचेपर्यंतही टिकत नाही. स्वीडनमध्ये सख्ख्या आणि दत्तक नात्यांची तुलना झाली, १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जन्मदात्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका साधारण दुपटीच्या जवळ जातो. दत्तक आईच्या बाबतीत तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे शरीराच्या घडणीचा वाटा आहे.

"घरात व्हायरल येतं ना," मी म्हटलं, "कुणी दोन दिवसांत उठतं, कुणी पंधरा दिवस अंथरुणाला. जंतू तोच." एचपीव्हीचंही तसंच. बहुतेक बायकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. काहींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो, आणि तिथून कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. विषाणूचे तुकडे पेशीवर आणून प्रतिकारशक्तीला दाखवायचं काम एचएलए नावाची जनुकं करतात. त्यांचे काही नमुने हे काम चोख करतात, काही जरा ढिले.

मग मी पेनांची टोपणं काढली. एकेक टोपण म्हणजे या जनुकांचा एकेक संच. आईची लाल आणि हिरवी, वडिलांची निळी आणि काळी. प्रत्येक लेकीला दोघांकडून एकेक. ताईंनी स्वतःच जोड्या लावून पाहिल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा लावल्या. दोन सख्ख्या बहिणींची दोन्ही टोपणं जुळण्याची शक्यता ४ पैकी १. एकही न जुळण्याचीही ४ पैकी १. "म्हणजे ताईचं जे आहे ते माझं असेलच असं नाही?" असेलच असं नाही. आणि असलं तरी विषाणू आल्याशिवाय, आणि टिकल्याशिवाय, नुसत्या टोपणांनी काही होत नाही. म्हणूनच या आजारासाठी ती जेनेटिक टेस्ट करू नका म्हटलं. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगात बीआरसीए या जनुकांच्या तपासणीने पुढचे निर्णय बदलतात. इथे उत्तर काहीही आलं तरी करायचं तेच, गर्भाशयमुख तपासायचं. निरोगी पिशवी भीतीपोटी काढणं तर मला मुळीच मान्य नाही.

थोडा वेळ गप्प राहून त्यांनी आवाज खाली आणला. "हे नवऱ्याकडून येते म्हणतात. मग भाऊजी..."

हा संशय दोन फायलींपेक्षा जड असतो. घरं मोडताना पाहिली आहेत मी यावरून. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. आज सापडलेला संसर्ग कधीचा, कुणाकडून, हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. तो १० वर्षं जुनाही असू शकतो. बहिणीला हे जसंच्या तसं सांगा, म्हटलं.

आईची फाईल मी शेवटी उघडली. पहिल्या कागदावर लिहिलेलं: पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव, तुकडा काढून तपासावा. पुढच्या कागदावरची तारीख थेट १४ महिन्यांनंतरची.

"लग्न होतं माझं," त्या म्हणाल्या. "आईनं कुणालाच नाही सांगितलं. कापड धुऊन धुऊन वापरत होती."

बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

बहिणीचा खराब झालेला भाग छोट्या प्रक्रियेने काढला गेला. तिला नियमित तपासणीला जावं लागेल. पोरीला लस दिली. ९ ते १४ हे त्यासाठी उत्तम वय, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लस २०२३ पासून मिळते. आधीच झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून ती लवकर द्यायची. लस घेतलेल्या पोरीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

ताईंची एचपीव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली, पण १६ किंवा १८ नाही. दुर्बिणीतून पाहिलं, गर्भाशयमुख स्वच्छ. वर्षभराने पुन्हा तपासणी. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. जाताना मोबाइल पुढे करून म्हणाल्या, तारीख तुम्हीच टाका, अलार्म लावून.

दाराशी जाऊन परत वळल्या. "सकाळी उपाशी यावं लागते काय?"

"नाही, पोटभर खाऊन या."