सारखे तीन भाग केले की वाटणी न्याय्य झाली, असं नसतं

तुमचा प्रश्न वाचला. तिघांचं घर, सगळं बिल सारखं तिघांत. एकाकडे मोठी खोली आणि एसी, दुसरा दिवसभर घरूनच काम करतो, आणि तुम्ही महिन्यातले बारा दिवस बाहेरगावी. वर एसीवाल्याची मैत्रीण दर शनिवार-रविवार मुक्कामाला. तुम्ही कमी पैसे द्यायचं म्हणालात आणि घरात अबोला धरला गेला. मी आठ वर्षं वेगवेगळ्या फ्लॅटमेटबरोबर राहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मान्य करा. तुम्ही बाहेर असता म्हणून भाडं कमी होत नाही, वायफाय कमी होत नाही, वीजबिलातला स्थिर आकार कमी होत नाही आणि फ्रिजही बंद होत नाही. तुमची खोली तुमच्यासाठी राखलेलीच असते. या खर्चांत सवलत मागितलीत तर इतर दोघांचं चिडणं रास्त आहे.

माणसं घरात असली की वाढणारा खर्च मात्र वेगळा काढा: गॅस, एकत्र स्वयंपाकाचा किराणा, मीटरवर असेल तर पाणी. इथे माणूस-दिवस मोजायचे. तीस दिवसांच्या महिन्यात तुमचे अठरा, घरून काम करणाऱ्याचे तीस, आणि तिसऱ्याचे तीस अधिक पाहुणीचे आठ, म्हणजे अडतीस. एकूण 86. तुमचा वाटा 18 भागिले 86, साधारण 21 टक्के. एसीवाल्याचा 44, घरून काम करणाऱ्याचा 35. मला ही पद्धत आवडते कारण गैरहजेरी आणि पाहुणा दोन्ही एकाच हिशोबात बसतात. मैत्रिणीचा विषय वेगळा काढावा लागत नाही, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलायचीही वेळ येत नाही.

आता वीज. घरून काम करणाऱ्यावर सगळ्यांचा डोळा असतो, पण हिशोब करून बघा. साठ वॅटचा लॅपटॉप दहा तास चालला तर 0.6 युनिट. दोन हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटं म्हणजे अर्धा युनिट. याउलट एसी सरासरी 900 वॅट खेचत रात्रभर आठ तास चालला तर 7.2 युनिट, म्हणजे एका रात्रीत लॅपटॉपचे बारा दिवस! लॅपटॉपवरून भांडू नका, एसीचं बघा. एसीच्या जोडणीवर त्याचा भार पेलणारा एक छोटा मीटर बसवून घ्या. एसीवर छापलेल्या वॅटवरून अंदाज बांधू नका, कारण कॉम्प्रेसर सतत पूर्ण ताकदीने चालत नाही. बिलातून स्थिर आकार बाजूला काढा, उरलेल्या रकमेला युनिटने भागा आणि आलेल्या सरासरी दराने एसीचे युनिट एसीवाल्याकडे लावा. वापर वाढला की दर चढतो, तेव्हा वरच्या टप्प्याचा दर एसीलाच लावावा असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. शेवटचं युनिट एसीचं होतं की फ्रिजचं, हे मीटर सांगत नाही.

वापर मोजणं म्हणजे कंजूषपणा, असं तुम्हाला कुणी म्हणेल. पण नीझी, हारुवी आणि याफे या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसल्यावर बिल सगळ्यांत सारखं वाटायचं ठरलेल्या लोकांनी स्वतःचं स्वतः भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं. ती माणसं वाईट नव्हती. जास्तीच्या खर्चाचा बराचसा भार दुसऱ्यांवर जात असला की हात आपोआप सैल सुटतो.

भाड्याचं कोडं यापेक्षा अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण रक्कम सर्वात मोठी तीच. चौरस फुटांवर वाटता येतं, पण उजेड, गोंगाट, जोडलेलं न्हाणीघर हे फुटांत येत नाही. त्यापेक्षा भाडं शंभर भाग धरा आणि प्रत्येकाने प्रत्येक खोलीची आपल्या लेखी किंमत चिठ्ठीवर लिहावी, बेरीज शंभर. समजा मोठी, मधली, लहान या क्रमाने पहिल्याने 45, 30, 25 लिहिलं, दुसऱ्याने 40, 35, 25, तिसऱ्याने 35, 33, 32. ज्याने ज्या खोलीला सगळ्यात जास्त लिहिलं, ती त्याला: पहिल्याला मोठी, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला लहान. या तीन आकड्यांची बेरीज 112, म्हणजे बारा जास्त, ते प्रत्येकी चार कमी करा: 41, 31, 28. आता प्रत्येकाच्या स्वतःच्याच चिठ्ठीप्रमाणे त्याचा सौदा सगळ्यात चांगला ठरतो. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने 1999 साली दाखवलं की काही साध्या अटींत अशी वाटणी नेहमी निघते, जिच्यात कुणालाच दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटत नाही.

किराणा, साबण, झाडू यांचा बारीक हिशोब मात्र ठेवू नका. एका घरात मी वहीत प्रत्येक वस्तू लिहायची. दोन महिन्यांत लोक मला विचारून चहा करायला लागले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. एकत्र डबा ठेवा, महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम टाका, माणूस-दिवसांचा फरक तीन महिन्यांनी मिटवा. ज्याच्या खात्यातून बिलं जातात त्याला पैसे आधीच मिळायला हवेत, नाहीतर तो सगळ्यांना बिनव्याजी उधार देत बसतो.

आणि मागचे महिने उकरू नका. माझं एक घर त्यावरूनच मोडलं. नियम मला सुचला बिल हातात आल्यावर, आणि मी तो त्याच बिलाला लावायला गेले. या महिन्याचं बिल जुन्या पद्धतीनेच भरा, नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तिघं मिळून मीटरचा आकडा लिहून घ्या आणि नवा हिशोब तिथून धरा.