जमीन बघायला मे महिन्यात जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गगनबावड्याचा घाट उतरून देवगडच्या बाजूला आंबा-काजूचा धंदा थाटायचा म्हणतोस आणि घरात वडील म्हणतात, पोराला कोकणाचं खूळ लागलंय. तुम्हा बापलेकांच्या मध्ये मी पडणार नाही. पण तू विचारलंस, म्हणून जे बघितलंय ते लिहितो.

"तिकडं पाऊस भरपूर" हे कारण आधी डोक्यातून काढ. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. गणपती गेले की बरंचसं पाणी ओढ्यांतून समुद्रात गेलेलं असतं. पंचगंगेच्या काठावर मोटर चालू करून ऊस भिजवायची सवय असलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही.

समुद्राचा खरा फायदा हवेत आहे. आपल्याकडं पौषात पहाटे शेकोटी लागते आणि दुपारी सदरा काढावासा वाटतो. तिकडं समुद्र दिवस-रात्रीतला फरक एवढा वाढू देत नाही. नारळ, काळी मिरी, जायफळ यांना थंडी सोसत नाही, म्हणून ती तिथं सुखानं वाढतात. शिवाय ती एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढतात. नारळाच्या बुंध्यावर मिरीचा वेल, मधल्या सावलीत जायफळ आणि दालचिनी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं हीच पद्धत 'लाखी बाग' म्हणून शेतकऱ्यांपर्यंत नेली. उसात आपण वर्ष-दीड वर्ष एकाच बिलाची वाट बघतो. इथं एकाच जागेतून चार प्रकारचा माल निघतो आणि एकाचा भाव पडला तर दुसरा हात देतो.

दुसरा फायदा वेळेचा. दक्षिण कोकणातला हापूस लवकर तयार होतो. उत्तरेतला दशहरी बाजारात यायच्या कितीतरी आधी देवगडच्या पेट्या शाहू मार्केट यार्डात उतरलेल्या असतात. मुहूर्ताच्या सौद्याचे आकडे पेपरात वाचून हुरळू नकोस, ते हौसेचे असतात. पण मार्च-एप्रिलचा भाव आणि मे अखेरचा भाव यांत जो फरक पडतो, त्यावर बागायतदाराचं वर्ष ठरतं.

तिसरं नावाचं. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव वापरायचं तर झाड त्या पट्ट्यात हवं आणि तुझी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. आपल्या गुळालाही मानांकन आहे. तरी 'कोल्हापुरी' छापलेला कुठला कुठला गूळ विकला जातो ते तू बघतोसच. म्हणजे नोंदणी करून गप्प बसायचं नाही, नाव राखावं लागतं. पण राखण्यासारखं नाव आयतं मिळणं ही किनाऱ्याची देणगीच.

आता काजू. १०० किलो काजूबी फोडली की गर साधारण २५ किलोच निघतो, बाकी बहुतेक टरफल. ते टरफल गाडीत घालून घाट चढवण्यात डिझेल जाळायचं कशाला? म्हणून वाटतं, कारखाना खालीच बरा. पण पावसाळ्यात कोकणात भाजलेला पापडसुद्धा मऊ पडतो, गराचं काय होत असेल? काजूबी मे संपायच्या आत कडक उन्हात वाळलीच पाहिजे आणि गराची साठवण हवाबंद हवी. मला विचारशील तर काजूबी फोडायचं काम खाली कर, आणि पॅकिंग-विक्री वर कोल्हापुरात. आजरा-चंदगडला काजूचे कारखाने कित्येक वर्षं चाललेत, त्यामुळं पाकळी, तुकडा, अख्खा गर वेगळा करणाऱ्या तरबेज बायका आपल्या जिल्ह्यातच मिळतील.

आता माझी चूक सांगतो. मी आणि माझ्या मेव्हण्यानं खाडीजवळची एक जमीन श्रावणात बघितली. हिरवंगार, विहीर काठोकाठ. आम्ही दोघंही भुललो आणि विसार देऊन आलो. एप्रिलात त्याच विहिरीचं पाणी मचूळ झालं, मे महिन्यात तोंडात धरवेना. लावलेली कलमं टँकरनं जगवली, तीही निम्मीच. म्हणून सांगतो, जमीन मे महिन्यात बघ. विहिरीचं पाणी बाटलीत भरून आण, इथं तपासून घेऊ. कातळ असेल तर खड्ड्याला सुरुंग लागेल आणि भरायला माती बाहेरून येईल, तो खर्च आधी मांड. समुद्राकडच्या बाजूला सुरूची झाडं लावायला जागा सोड. तौक्तेसारखं वादळ २०२१ मध्ये येऊन गेलंय आणि ऐन मे महिन्यात आलं होतं.

सातबाऱ्याचं वेगळं पत्र लिहावं लागेल. एवढंच सांगतो, कोकणात एका गुंठ्याला मुंबईतले वीस हिस्सेदार निघतात. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत एक रुपया देऊ नकोस.

जाताना वडिलांना गाडीत घे. घाटात कुरकुर करतील, करू देत. तिथं पोचल्यावर ते आधी विहिरीत डोकावतील. ते काय म्हणतात ते मला फोन करून कळव.

तुझा,
काका