जपानमधलं ताकायामा एका दिवसात उरकेल, की मुक्काम करावा?

मुक्काम कराच, निदान एक रात्र. नागोयाहून ‘हिदा’ एक्स्प्रेसने यायलाच साधारण अडीच तास लागतात आणि सानमाचीच्या जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतली दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटतात. त्याच दिवशी परतणाऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त दुपारची गर्दी. खरी मजा सकाळी मियागावा नदीकाठच्या बाजारात. तो बारापर्यंत आटोपतो. (तिथे मिताराशी दांगो खा, तांदळाच्या पिठाचे भाजलेले गोळे. इथले गोड नसतात, सोया सॉसचे असतात.) उरलेल्या वेळात बसने ५० मिनिटांवरचं शिराकावागो हे गवती छपरांच्या जुन्या घरांचं गावही जमतं. फक्त १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला रथांचा उत्सव असतो, तेव्हा खोली कित्येक महिने आधी धरली नसेल तर नागोयाहून ये-जा करणंच बरं.