एका उंदराचा जबडा दुसऱ्याला बसवतात त्या रिसर्चमध्ये इम्युनिटी दाबायची औषधं का देतात?

कारण जबडा म्हणजे नुसतं हाड नाही हो, आत रक्तवाहिन्या, अस्थिमज्जा, दातांची मुळं, वर हिरड्या, सगळं जिवंत असतं आणि मज्जेत तर डोनरच्या पेशी खच्चून भरलेल्या, त्यामुळे समोरच्याचं शरीर ते परकं म्हणून लगेच ओळखतं. बोन बँकेतलं (दान केलेली हाडं साठवतात तिथलं) गोठवलेलं हाड वेगळं, त्यातल्या पेशी मेलेल्या असतात म्हणून सहसा औषध लागत नाही.

बऱ्याच लॅबमध्ये ब्राऊन नॉर्वे जातीचे उंदीर डोनर आणि लुईस जातीचे पांढरे उंदीर रिसिपियंट, म्हणजे जबडा घेणारे, असतात, मानेतल्या बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा पातळ धाग्याने जोडतात. मग इम्युनिटी दाबायला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात, ही दोन्ही टी-पेशींना (परक्या गोष्टीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कामाला लागूच देत नाहीत. औषध न देता ठेवलेल्या उंदरांत ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला जबडा, साधारण एक-दोन आठवड्यांत नाकारला जातो, पण लुईसचा जबडा लुईसलाच बसवला (एकाच जातीचे हे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे) तर औषधाशिवायही टिकतो, म्हणजे दोष ऑपरेशनचा नाही हे कळतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते दातांचं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, बसवलेल्या जबड्यातला दात वाढत राहिला की समजायचं आतला रक्तपुरवठा चालू आहे!

अडचण औषधांचीच आहे. सायक्लोस्पोरिनने किडनीला त्रास होतो, उंदरांत तर हाडंही विरळ होतात. म्हणूनच आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढला की पेशंटच्याच पायातलं फिब्युला हाड वापरतात, स्वतःचंच असल्याने औषध नको, आणि कॅन्सर पेशंटची इम्युनिटी दाबणं तसंही धोक्याचंच.