मुलाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर आई-वडिलांनी भरून द्यायचं, हे सगळ्या देशांत सारखंच असतं का?

नाही. आपल्याकडे पोराने काच फोडली की पहिला प्रश्न असतो, ‘कुणाचा रे तू?’ मग घरी जाऊन वळणाचा उद्धार. जर्मनीत बांधकामांवर पिवळी पाटी असते: ‘मुलांसाठी पालक जबाबदार’. वाचून धडकी भरते, पण कायदा तसा नाही. सात वर्षांखालचं मूल स्वतः सहसा जबाबदार नसतं आणि पालकही तेव्हाच, जेव्हा लक्ष ठेवण्यात कसूर झालेली असते. म्हणजे सहा वर्षांच्या, नीट सायकल येणाऱ्या मुलीचं हँडल शेजाऱ्याच्या गाडीला घासलं आणि आई मागेच चालत होती, तर रंगाचा खर्च बहुधा शेजाऱ्याच्याच माथी! (शेजारधर्म म्हणून लोक विम्यातून देतात, ती गोष्ट वेगळी.)

फ्रान्समध्ये उलट. तिथे 1997 पासून पालकांची चूक नसली तरी भरपाई त्यांच्यावरच.

जपान मला सगळ्यात रोचक वाटतं. शाळेच्या मैदानात अकरा वर्षांच्या मुलाने गोलवर मारलेला चेंडू रस्त्यावर गेला, तो चुकवताना एक वृद्ध मोटारसायकलस्वार पडले आणि पुढे वारले. खालच्या न्यायालयांनी पालकांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सोडलं, कारण नेहमीचा खेळ खेळताना असं होईल हे पालकांना दिसणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे मात्र अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. किल्ली लपवा.