‘चकमकीत ठार’ लिहावं का?

प्रश्न आलाय की बातमीत ‘एन्काउंटर’ऐवजी ‘चकमक’ लिहिलं तर चालेल का, शेवटी दोन्ही एकच ना?

माझ्या मते नाही. चकमक हा तुर्की शब्द, ठिणगी पाडायच्या गारगोटीचा. त्यावरून दोन तुकड्यांची छोटी लढाई तीही चकमक. ती उडते किंवा झडते, अमक्याची तमक्याशी. कुणी कुणाची चकमक करत नाही. मुंबईत एन्काउंटर मात्र ‘केला’ जातो. ‘त्याचा एन्काउंटर केला’ यात करणारे पोलीस, आणि ‘त्याचा’ म्हणजे मेलेल्याचा. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांकडून मारला गेला, तेव्हापासून हा शब्द शहराच्या तोंडी चांगलाच रुळला. (नाक्यावर याच अर्थाने ‘गेम केला’ चालतं.) म्हणजे बोलणारे लोक छापणाऱ्यांपेक्षा नेमकं बोलतात.

‘चकमक’ लिहिलं की समोरूनही गोळी आली हे आपण गृहीत धरतो, आणि चौकशी तर त्याचीच व्हायची असते. १९९५ ते ९७ मधल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींवरची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तिचा निकाल सप्टेंबर २०१४ चा. त्यात घातलेले नियम अशा मृत्यूंचा नीट, स्वतंत्र तपास व्हावा यासाठी आहेत: खबर मिळाली तर तिची आधी नोंद, गोळीबारात कुणी मेलं तर गुन्हा दाखल, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, जखमीला वैद्यकीय मदत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही अट: घटनेनंतर लगेच शौर्यपदक नाही, पाळी डावलून बढतीही नाही. मारण्यामागची हाव तिथेच तुटते.

तपास होईपर्यंत ‘पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू’ लिहावं, आणि हवं तर पुढे ‘चकमक झाल्याचे पोलिसांचे म्हणणे’. ‘बनावट चकमक’ हाही मला अवघडलेला प्रयोग वाटतो. २००६ मध्ये वर्सोव्यात पोलिसांनी मारलेल्या लखनभैयाच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये पोलिसांना खुनासाठी दोषी धरलं, २०२४ मध्ये हायकोर्टानेही ती चकमक खोटी ठरवली. मग सरळ ‘खून’ का लिहू नये?

‘खात्मा’, ‘कंठस्नान’, ‘यमसदनी धाडले’ हे पोवाड्यात शोभतं. मृताचं नाव, वय आणि पोलीस ठाणं देणाऱ्या बातमीत नको.